परक्या मेंढरांमागं

फ्लेक्स आला तेव्हा बबिता अंगणात तुराट्या मोडत होती. टेम्पोवाल्यानं गुंडाळी भिंतीला टेकवून उलगडली, तर ती न्हाणीपासून पार गोठ्यापर्यंत पुरली. बबिताची शाळा चौथीपर्यंतची, पण मोठी अक्षरं तिला अडत नसत. 'मेंढपाळ समाजाची शान कु. राजेश्री भुजंग यांचा भव्य नागरी सत्कार.' त्याखाली जरा बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'परदेशी विद्यापीठ व नवउदय ग्रामविकास संस्था यांच्या वतीने गाव दत्तक.' एका कोपऱ्यात लेकीचा फोटो होता, दुसऱ्या कोपऱ्यात दिराचा. दत्तरावानं फोटोतही मोबाइल कानाला लावलेला होता.

राजेश्री केस पुसत बाहेर आली. तिनं तो कपडा वरून खालपर्यंत वाचला, आणि पुन्हा एकदा खालची ओळ वाचली.

"माय, हे कवा ठरलं?"

"मला काय ठावं? काकाला इचार."

"गाव दत्तक घेणार म्हणे माझं विद्यापीठ. विद्यापीठाला तरी ठावं हाय का?"

 बबिताच्या हातातली तुराटी मोडायची राहून गेली होती.

राजेश्री सप्टेंबरात सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली होती. 'आंतरराष्ट्रीय विकास' असं त्या शिक्षणाचं नाव. वर्गातला अभ्यास संपत आला होता. आता शेवटचे तीन महिने कुठल्या तरी वस्तीत जाऊन राहायचं, तिथल्या लोकांबरोबर काम करायचं आणि त्यावर लिहायचं, असा नियम होता. त्याच्या आधी मिळालेल्या सुटीत दत्तरावानं आपणहून तिकीट पाठवलं. "माय-बापाला तोंड दाखवून जा," एवढंच तो फोनवर म्हणाला होता. चुलत्याच्या मायेनं बबिताचे डोळे भरून आले होते. आता तो फ्लेक्स बघताना तिला त्या रडण्याचीच लाज वाटायला लागली.

दत्तराव दुपारी जेवायलाच आला. त्याच्या मागोमाग आदिनाथ, राजेश्रीचा थोरला भाऊ. बबिताचा नवरा भुजंग ताटावर बसलाच होता. भुजंग आणि दत्तराव यांची थोरली बहीण कडूबाई सकाळच्या एसटीनं गंगाखेडहून आली होती. नवऱ्याच्या मागं ती स्वतःचा कळप स्वतः हिंडवत होती आणि तोंडही तसंच मोकळं ठेवून होती.

"पाच वाजता परोगराम," दत्तरावानं मांडी घातली. "भगवानराव येयलेत. कारखान्याचे संचालक हायत, रिकामं माणूस न्हाई. अन् राजे, तुझ्या त्या हेलन म्याडमला मी मेल केला होता. त्या पडद्यावर येनार हायत. गावाचं म्हननं ऐकनार अन् मग तुला कुठं धाडायचं ते ठरवनार."

राजेश्रीचा घास हातातच राहिला. "तुम्ही परस्पर मेल केला?"

"परस्पर कसा? मी काका हाय तुझा."

"काका, मी माझी जागा निवडली हाय. तिकडं उत्तरेला समुद्रकाठी एक गाव हाय. बोटी बांधायचा कारखाना होता, तो बंद पडला. म्हातारी माणसं एकेकटी राहतात. पोरांना काम न्हाई. एका जुन्या शाळेत दुपारचं जेवण देतात, तिथं मला राहायचंय."

दत्तराव हसायलाच लागला. "मंजी गोऱ्या लोकायला खिचडी वाढायला सरकारनं धाडलं व्हय तुला?"

"खिचडी न्हाई. सूप."

"आगं बाई," कडूबाई म्हणाली, "मंग तर लयच इकास!"

"आत्या, तुमी मधी बोलू नका," दत्तराव म्हणाला. लेकरांच्या तोंडातला 'आत्या' हा शब्द घरात सगळ्यांच्याच तोंडी बसला होता. "इथं आपलं गाव वाळून चाललं, अन् ही साहेबाचा इकास करायला निघाली. लोक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू द्या." राजेश्रीनं ताट सरकवलं. "काका, तुम्हाला एक सांगते. पहिल्याच महिन्यात मॅडमनी वर्गात एक फोटो दाखवला. रस्त्यानं चाललेली बाई, डोक्यावर वाघूर, कडेवर कोकरू. खाली एकच शब्द, गरिबी. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला."

"मग तू काय केलंस?" कडूबाईनं विचारलं.

"उभी राहिले. म्हटलं, ते ओझं न्हाई. ते मेंढरं कोंडायचं जाळं हाय. ज्या बाईकडं वाघूर असती तिच्याकडं कळप असतो. ती गरीब हाय का न्हाई ते तिला विचारलं का कुणी?"

"शाब्बास!"

"मॅडमनी ऐकून घेतलं, बाई चांगली हाय. पण जागा निवडायची वेळ आली तेव्हा मला म्हणाल्या, तू तुझ्याच लोकांत का जात न्हाईस? तुला भाषा येते. काका, माझ्या वर्गातली इंग्लंडची पोरगी केनियाला चालली. जर्मनीचा पोरगा नेपाळला चालला. त्यांना कुठं तिथली भाषा येते? त्यांना कुणी घरी जा म्हणालं न्हाई. त्यांनी जग बघायचं अन् मी माझ्याच मायची मोजदाद करायची? मी न्हाई करणार."

आदिनाथ खाली मान घालून भाकरी मोडत होता. दत्तराव त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्याचं काय? संस्थेत ह्याला समन्वयक करायचं मी ठरवलंय. परदेशी पावनं आलं तर संस्था उभी राहील. न्हाई आलं तर हा हाय अन् त्याची ती पूर्णेची शिकवणी हाय."

 घरामागच्या वाघुरीत मेंढरं ओरडत होती. गोदावरीकाठी गव्हाचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. कळप तिथं चरत असताना दत्तरावानं फोटोसाठी तो गावात आणायला लावला, आणि तेव्हापासून मेंढरं वाळल्या कडब्यावर होती. भुजंग जेवताना सारखा त्या आवाजाकडं कान देत होता.

"भाऊ, तू सांग तुझ्या पोरीला," दत्तराव म्हणाला. "तुझ्या शब्दाभाईर जाईल का ती?"

भुजंगनं हात धुतला. खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली आणि कोपऱ्यातली काठी उचलली.

"कुठं निघालास?"

"मेंढरं उपाशी हायत."

"अरे, पाचला परोगराम हाय!"

"तुजा हाय," भुजंग म्हणाला, आणि मागच्या दारानं निघून गेला. थोड्याच वेळात कळपाचा आवाज गावाबाहेर चुडाव्याच्या रस्त्याला लागला.

दत्तराव संतापून उठला. कडूबाई पदरात तोंड दाबून हसली. बबिताला मात्र नवऱ्याचा राग आला. पोरीला हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, काठी घेऊन मोकळा झाला. उरलेलं सगळं आता कुणी बोलायचं?

चार वाजता धाकटी जाऊ विजयमाला घडी न मोडलेली साडी घेऊन आली.

"जाऊबाई, ही नेसा. अन् ह्यांनी सांगितलंय, ती म्याडम मेंढरं राखनाऱ्या बाईला बोलायला लावनार हाय. तुमी एवढंच म्हनायचं, आमची लेक आमाला आमच्या गावासाठी पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच. पुढं आदिनाथ इंग्रजीत सांगल."

बबिता साडी नेसताना ते वाक्य पुटपुटत राहिली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तिला तेच नडत होतं. लेक जवळ असावी असं तिला वाटत होतंच. सप्टेंबरापासून एकही दिवस असा गेला नव्हता की चूल पेटवताना राजेश्रीच्या वाटणीची भाकरी तिच्या मनात आली नाही.

मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता. आदिनाथ पडद्याची वायर जोडत होता, राजेश्री त्याच्यामागं जाऊन उभी राहिली.

"दादा, तू काहीच बोलला न्हाईस."

"काय बोलू? माझ्या क्लासात पोरांपेक्षा बाकडी जास्त हायत. दोन ठिकाणची माणसं सोयरिकीसाठी मला बघून गेली, दोन्हीकडून एकच प्रश्न, पोरगा करतो काय?" त्यानं वायर दाताखाली धरून सोलली. "तुला पहिलं इंग्रजी वाक्य कुणी शिकवलं?"

"तू."

"मग आज तेवढं माझं ऐक. तीनच महिने तर हायत. इथं काढ. तुझं काय जातंय?"

"दादा, मी इथं काढले तर पुढं जन्मभर इथलंच विचारतील. जिथं जाईन तिथं. ही मेंढरवाल्यांची, हिला मेंढरांचं विचारा. मला एकदा तरी त्यांचं विचारायचंय."

"मोठं बोलायलीस."

"बोलायलेय."

तो पुन्हा वायरीकडं वळला. पडदा उजळला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. उन्हाचाही असेल.

दत्तराव वाईट माणूस होता असं गावात कुणी म्हणालं नसतं. तालुक्याच्या कचेरीत त्यानं संस्थेचे कागद घेऊन वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं राहून काढली होती. आत बोलावलं तरी कुणी बस म्हणायचं नाही. एका परदेशी नावाची त्याला गरज होती, ते असतं तर खुर्ची मिळाली असती. त्याच्या मनात गाव होतं आणि खुर्चीही होती. त्यातलं आधी काय होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

भगवानराव आले आणि स्थानापन्न झाले. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"दत्तराव, पत्रिकेत पारंपरिक कळप म्हनला होता. मेंढ्या कुठंयत?"

"चरायला गेल्यात, साहेब. येतीलच."

तोवर दत्तरावानं गावातल्या मालनबाईच्या चार शेळ्या आणून व्यासपीठाच्या खांबाला बांधल्या होत्या. भगवानरावांच्या स्वागताचा गुच्छ टेबलाच्या कडेला होता. प्रास्ताविक संपेपर्यंत त्यातली फुलं शेळ्यांच्या पोटात गेली आणि नुसता चकचकीत कागद राहिला. माणसं हसायला लागली. हेलन मॅडम पडद्यावर आल्या त्या याच हसण्यात, आणि त्याही हसल्या. पिकल्या केसांची, चष्म्यातली, साधीशी बाई होती.

त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि आदिनाथ माइकवर मराठीत सांगत होता. "मॅडम म्हणतात, तुमचं पत्र मिळालं. राजेश्रीनं इथं काम करावं असं गावाला वाटतं का, हे त्यांना गावाकडून ऐकायचंय."

"वाटतं! एकमुखानं वाटतं!" दत्तराव ओरडला. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तसं सांगून ठेवलेलं होतं.

मॅडम पुन्हा बोलल्या. आदिनाथनं सांगितलं, "कळप सांभाळणारी एखादी बाई बोलली तर बरं होईल, असं म्हणतात."

विजयमालानं बबिताला कोपरानं ढोसलं. बबिता उठली. माइक तिच्या तोंडापेक्षा वर होता, आदिनाथनं तो खाली केला. समोर सगळं गाव होतं, पडद्यावर ती परकी बाई, आणि बाजूला उभी असलेली राजेश्री जमिनीकडं बघत होती.

"आमची लेक आमाला पाहिजे," बबिता म्हणाली.

आदिनाथनं लगेच इंग्रजी केलं. दत्तरावानं समाधानानं पाठ खुर्चीला टेकवली. पण बबिता माइकपासून हलली नाही.

"पाहिजे, ते खरं हाय. पर ते मी माय मनून म्हनलं. तुमी मेंढरंवालीला इचारलंय ना, मग तिचं बी ऐका." तिनं माइकचा दांडा धरला. "आमच्यात पोरगं मोठं झालं की त्याला घरची मेंढरं देत न्हाईत. आदी एक हंगाम परक्याच्या मेंढरांमागं धाडतेत. काहून? घरची मेंढरं पोराला वळखतात. तो चुकला तरी ती बरोबर वाटंला जातेत, त्याची चूक झाकतेत. परकी झाकत न्हाईत. तिथं चुकलं की चुकलं, ते समद्यायला दिसतं. तिथून जो नीट आला तो मेंढका. न्हाईतर त्यो बापाच्या जिवावर काठी मिरवनारा."

"वयनी, बस झालं," दत्तराव म्हणाला.

"का बस?" गर्दीतून कडूबाई उठून उभी राहिली. "तुजं निघंल मनून? सांग की म्याडमला! तुला बी धाडलं होतं सोनपेठकडं. गडी तिसऱ्या दिशी रडत घरी. काठी तिथंच टाकून आला, अन् माय म्हनली, राहू द्या, लेकरू शिकंल. शिकलास ना? दुसऱ्याच्या शेळ्या फोटोला बांधायला शिकलास!"

सगळा मांडव हसण्यानं हलला. भगवानरावही रुमालाआड हसले. दत्तरावाचा चेहरा काळा ठिक्कर पडला.

बबिता हसली नाही. "आमी पोरं धाडली. पोरी कवा धाडल्या न्हाईत. मला बी कुनी धाडलं न्हाई. मी ह्या घरची मेंढरं राखली, अन् मला किती येतं ते मला अजून ठावं न्हाई. हिला परक्याकडं धाडा. तिथं तिचं चुकू द्या. हितं आमी तिचं समदं झाकू."

ती आदिनाथकडं वळली. "सांग."

आदिनाथ माइक धरून उभा राहिला. काकाच्या डोळ्यांत काय आहे ते त्याला न बघताही कळत होतं. 'आई म्हणते, मुलगी इथं हवी', एवढंच पुन्हा म्हटलं तरी भागणार होतं. ते खोटंही ठरलं नसतं. मांडवात ते इंग्रजी तपासणारं एकच माणूस होतं. त्यानं बहिणीकडं पाहिलं. राजेश्री अजून खालीच बघत होती. तिनं मान वर केली नाही, आठवण दिली नाही, विनवणीही केली नाही. त्याला तिच्या त्या गप्प राहण्याचाच राग आला. निदान भांडली तरी असती.

मग तो बोलायला लागला. पहिलं वाक्य गडबडलं. 'मेंढरं चूक झाकतात' याला त्याला शब्द सापडेना, म्हणून त्यानं ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं आणि हातानं वाट काढून दाखवली. काही गाळलं नाही. कडूबाईचं सोनपेठही सांगितलं. ते ऐकताना हेलन मॅडमच्या भुवया वर गेल्या.  त्याचं बोलणं संपल्यावर त्या थेट राजेश्रीशी बोलल्या, आणि आदिनाथनं सवयीनं तेही मराठीत केलं.

"मॅडम म्हणतात, मला वाटलं होतं की घरी तुला सोपं जाईल."

"म्हणून तर नको," राजेश्री आधी मराठीत म्हणाली आणि मग इंग्रजीत.

"मॅडम म्हणतात, त्या समुद्रकाठच्या गावाला त्या तुझं नाव कळवतील. अन् म्हणतात…" आदिनाथ थांबला. "म्हणतात, तिथली माणसं परकी आहेत, अन् फार मवाळही नाहीत. तुझ्या चुका दाखवतील."

"दाखवू द्या!" कडूबाई खालून ओरडली.

पडदा मालवला. भगवानराव घड्याळ बघत उठले. शाल आणि नारळाचं ताट विजयमालाच्या हातातच राहिलं, कारण दत्तरावानं माइक हिसकावून घेतला होता.

"सत्कार रद्द! ज्या पोरीला गावाची इज्जत न्हाई, तिचा सत्कार न्हाई. घरी जावा समदे." मग माइक बाजूला करून तो आदिनाथला म्हणाला, "तू उद्यापासून संस्थेकडं फिरकायचं न्हाई."

"बरं," आदिनाथ म्हणाला.

राजेश्री त्याच्याजवळ आली. "दादा…"

"तुझ्यासाठी न्हाई केलं," तो वायरी गुंडाळत म्हणाला.  "माय बोलत होती अन् मी अर्धंच सांगायचं? मग मी पोरांना काय तोंडानं शिकवू? जा तू. मला आत्ता तुझं तोंड बघायचं न्हाई."

तिला ते लागलं. तरी ती गेली नाही, टेबलावर पडलेला माइक तिनं उचलला.

"माझा सत्कार नको होताच," ती म्हणाली. "पण मी कुठं चाललेय ते गावाला माझ्या तोंडून सांगते. ज्याला ऐकायचं त्यानं बसावं."

उठलेली काही माणसं थांबली. मालनबाईनं शेळ्या सोडता सोडता विचारलं, "पोरी, तिकडं गोऱ्या लोकात बी गरीब असतेत व्हय?"

"असतात, मावशी. लय असतात. पण त्यांचा फोटो कुणी वर्गात दाखवत न्हाई."

"काहून?"

"तेच विचारायला चाललेय. तिथं एक बाई हाय, सत्तरीची. जन्मभर बोटींना रंग दिला तिनं. आम्ही वर्गातून एक दिवस तिथं गेलो होतो. ती मला म्हणाली, तू कुठून आलीस आम्हाला बघायला? मी म्हटलं, परभणी जिल्ह्यातून. ती म्हणाली…"

आवाज एकदम गेला. दत्तराव मांडवाच्या मागं स्पीकरच्या पेटीपाशी उभा होता, तोडलेली जोडणी हातात घेऊन. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. विजयमाला त्याच्या शेजारी ताट घेऊन उभी होती. ताट खाली ठेवावं की नाही, तिला कळत नव्हतं.

राजेश्रीनं बंद माइक टेबलावर ठेवला. ती व्यासपीठावरून खाली उतरली आणि बोलतच राहिली. मागच्यांना काही ऐकू येईना. कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोल की!"

"माझा आवाज एवढाच हाय," ती म्हणाली. "तुमी जवळ या."

कडूबाईनं सगळ्यात आधी आपलं बसकर उचललं. तिच्यामागं बाया उठल्या, मग म्हातारे, मग खुर्च्या फरफटायचे आवाज झाले. बबिता नव्या साडीचा ओचा सावरून लेकीच्या अगदी पायाशी, मातीतच बसली.

"हां, मग?" ती म्हणाली. "काय म्हनली ती बाई?"